पावसाळ्यानंतरची साखळी

चवथ आटोपली आणि पावसानेही उसंत दिली, म्हणून आज सकाळी गोव्यातल्या मांद्र्याच्या घरी अंगणात माझी जुनी १०० सीसीची मोटारसायकल डबल स्टँडवर चढवली. समुद्र जवळ असल्यामुळे खारी हवा तिला बाराही महिने छळते. पण तीन महिने पाणी आणि तांबडा चिखल खाल्लेल्या साखळीचे रूप पाहून मात्र माझी मलाच लाज वाटली. रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने घासताना तपकिरी लगदा निघतच राहिला, आणि एक कडी तर इतकी आखडली होती की स्प्रॉकेटवरून, म्हणजे साखळीच्या दातेरी चाकावरून, जाताना साखळी प्रत्येक फेरीत त्याच जागी उडत होती. ती कोरडी पुसून, ९० नंबरचे गिअर ऑइल थेंबथेंब सोडत मागचे चाक हाताने फिरवत बसलो, तेव्हा कुठे कडी सैल झाली. मधोमध बोटाने उचलल्यावर २५ ते ३० मिलिमीटर हलावी अशी साखळी जवळपास दुप्पट हलत होती, तीही ताणून घेतली.

हौसेने बसवलेला मोठ्या आवाजाचा सायलेन्सरही आजच काढला. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार करता येत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते. (खरे कारण निराळेच : शेजारच्या काकींचा पाळण्यातला नातू.) माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेल्या मूळ सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचे घर बांधलेले निघाले, ते काढण्यातच दुपार झाली.