लँकेस्टरमधील एक थडगे

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियाहून आगगाडीने सव्वा तासावर असलेल्या लँकेस्टरला बहुतेक लोक आमिश या जुन्या साध्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या वस्त्या आणि त्यांच्या घोडागाड्या पाहण्यासाठी येतात. आमचेही दोन दिवस त्यातच गेले आणि त्या गर्दीचा मला कंटाळा आला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच वेस्ट चेस्टनट रस्त्यावरील एका लहानशा दफनभूमीत गेलो. तेथे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या संसदेत गुलामगिरीविरुद्ध लढलेले थॅडियस स्टीव्हन्स यांचे थडगे आहे आणि मी होतो तेवढा वेळ तेथे दुसरे कोणीही फिरकले नाही.

थडग्यावर कोरलेला मजकूर त्यांचा स्वतःचाच आहे. त्याचा आशय असा की, एकांताची आवड म्हणून मी या आडबाजूला विसावलेलो नाही. इतर दफनभूमींच्या नियमांतच वंशाची अट असल्याचे आढळल्यामुळे, विधात्यासमोर सर्व माणसे समान आहेत हे जन्मभर सांगितलेले तत्त्व मरणातही दाखवता यावे, म्हणून मी ही जागा निवडली. मी तो मजकूर तीनदा वाचला. आमच्या गावात नदीकाठी पत्र्याची शेड असलेले एक स्मशान आहे आणि दुसरे ओढ्यापलीकडे, जिथे पावसाळ्यात तिरडी चिखलातून न्यावी लागते. आजोबांना नदीकाठी अग्नी दिला, तेव्हा मी वीस वर्षांचा होतो; ओढ्यापलीकडे साधा रस्ताही का नाही, हे मी त्या दिवशी विचारले नाही आणि नंतरही कधी विचारले नाही.

स्टीव्हन्स यांचा जन्म १७९२ साली व्हरमाँटमध्ये झाला. त्यांचा एक पाय जन्मतःच अधू होता. १८१६ साली त्यांनी गेटिसबर्गला वकिली सुरू केली. १८२१ मध्ये त्यांनी एका गुलाममालकाची बाजू लढवून खटला जिंकला आणि चॅरिटी बटलर नावाची स्त्री मुलांसह गुलामगिरीत राहिली. त्यांच्यावर प्रेम करणाऱ्याने ही गोष्ट झाकू नये, असे मला वाटते. १८३३ साली ते पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात निवडून आले. मोफत शाळांचा १८३४ चा कायदा पुढच्याच वर्षी रद्द होण्याच्या बेतात असताना, करदात्यांचा रोष अंगावर घेऊन त्यांनी सभागृहात जे भाषण केले, त्यामुळे तो कायदा टिकला. पेनसिल्व्हेनियाच्या १८३८ च्या राज्यघटनेने कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला, तेव्हा घटना समितीचे सदस्य असूनही त्यांनी तिच्यावर सही केली नाही. वॉशिंग्टनमधील त्यांची कारकीर्द पुष्कळांना ठाऊक असते. मला मात्र ही न केलेली सही अधिक मोठी वाटते.

दुपारी साऊथ क्वीन रस्त्यावरचे त्यांचे घर पाहिले. शेजारच्या संमेलन केंद्राच्या बांधकामापूर्वी झालेल्या उत्खननात तेथे विटांचे एक जुने टाके सापडले. पळून आलेल्या गुलामांना त्यात लपवले जात असावे, असे मानतात. हे घर लिडिया हॅमिल्टन स्मिथ या मिश्रवंशीय स्त्रीने वीस वर्षे सांभाळले, आणि १८६८ मध्ये स्टीव्हन्स यांनी देह ठेवला तेव्हा त्या त्यांच्या उशाशी होत्या. चाकांच्या बॅगा ओढत जाणारे पाहुणे त्या दारासमोरून न थांबता पुढे जात होते आणि मला प्रत्येकाला हाक मारून थांबवावेसे वाटत होते.