बनियनला धागा अडकला की बर आहे

जुन्या बाजारातून एक सागवानी कपाट आणलं, बारा खणांचं. चावीच्या भोकांवरच्या पितळी चकत्या कुणीतरी आधीच उचकटून नेलेल्या. मग बोहरी आळीतून दीड मिलिमीटरचा पितळी पत्रा आणला आणि गॅलरीतल्या टेबलावर बारा चकत्या कापल्या. कापणं दोन रविवारांत उरकलं. कापताना किंवा भोक पाडताना कडेला धातूची जी खरखरीत धार उरते, ती बर. ती काढण्यात पुढचा महिना गेला.

करवतीची बर केसासारखी, बोटाला टोचते. ड्रिलची मागच्या बाजूला कॉलरसारखी उभी राहते. ती काढायला जाडं ड्रिल नुसतं बोटांत धरून दोनदा फिरवायचं. मशिनला लावलंत तर ते पितळेत खचकन घुसतं आणि चकती हातातून सुटून गरगरते. माझ्या अंगठ्यावर खूण आहे.

पितळेची कानस मी वेगळी ठेवलीय. लोखंडावर वापरून जराशी बोथटली तरी पितळेवर ती नुसती घसरते. आधी तिच्यावर खडू घासतो, म्हणजे कीस दातांत बसत नाही. बर गेली का, हे डोळ्यांना कळत नाही. जुन्या बनियनचा तुकडा कडेवरून ओढायचा. धागा अडकला की पुन्हा कानस.

मग चकतीचं सपाट तोंड घासायचं. जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर आणि पाणी. पहिल्या तीन चकत्या बोटाने दाबून घासल्या, तर कडा चोखलेल्या गोळीसारख्या गोल झाल्या. बोट डुलतं, चकतीही डुलते. आता दुहेरी टेपने लाकडी ठोकळ्यावर चिकटवतो आणि एकाच दिशेने ओढतो. ६०० ला थांबतो. आरसा मला नकोच, त्यावर बोटांचे डाग तेवढे दिसतात.

तरी मोह झालाच. सहा चकत्या रात्रभर चिंचेच्या पाण्यात टाकल्या. सकाळी बघतो तर गुलाबी! पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटाने वरवरचं जस्त खाल्लं, तांबं उघडं पडलं. आई म्हणाली, "अरे, समई काय मी मुरत घालते? चोळायची आणि लगेच धुवायची." सहाही पुन्हा ४०० वर.

परवा अकरा बसवल्या. बारावीचा एक स्क्रू-होल तिरका गेलाय. त्या खणात आईने तोवर सुयादोरे भरलेत.