२९ मार्च अजून कायद्यात होती

१५ मार्च २०१९, शुक्रवार. ब्रिटन २९ मार्चला युरोपियन युनियनमधून बाहेर पडणार होतं, म्हणजे ब्रेक्झिट. मी तेव्हा इंग्लंडमध्ये केंटला एका कस्टम क्लिअरन्सच्या ऑफिसात होतो, डोव्हर बंदर जवळच. त्याआधी न्हावाशेवाला सीएचएकडे, म्हणजे कस्टम एजंटकडे, काही वर्षं काढलेली, त्यामुळे कागदात एक चूक झाली की कंटेनर कसा अडकतो ते चांगलं माहीत होतं. इथल्या छोट्या कारखानदारांना मात्र युरोपात माल पाठवताना कस्टमचा कागद कधी लागलाच नव्हता, १९९३ पासून गाडी भरायची आणि सोडायची एवढंच.

त्या दिवशी आमच्या क्लायंट लोकांची मीटिंग होती आणि एक खासदार आले होते. आठवडा भयंकर गेलेला. मंगळवारी संसदेत पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार ३९१ विरुद्ध २४२ नी पडला, बुधवारी सभागृहाने नो-डील, म्हणजे कराराशिवाय बाहेर पडणं, नको म्हणून ठराव केला, गुरुवारी मुदतवाढ मागायची असं ४१२ विरुद्ध २०२ नी ठरलं. खासदार म्हणाले, आता काळजी करू नका, नो-डील आम्ही फेटाळलंय, तारीख पुढे गेलीय, उगाच कागदपत्रांवर खर्च करू नका. सगळ्यांचे चेहरे एकदम मोकळे झाले. माझ्या शेजारचे क्लायंट, आठवड्याला दोन गाड्या मशीनचे पार्ट जर्मनीला पाठवणारे, हळूच म्हणाले, मग तो ईओआरआय नंबर राहू दे ना. ईओआरआय म्हणजे कस्टमच्या कागदांवर लागणारा व्यापाऱ्याचा नोंदणी नंबर.

मला राहवेना. उठून विचारलं, २९ मार्च रात्री ११ ही बाहेर पडायची वेळ २०१८ च्या विथड्रॉवल ॲक्टमध्ये, आपल्या ब्रिटिश कायद्यात, लिहिलेली आहे, ती काल बदलली का? ते म्हणाले, सभागृहाची इच्छा स्पष्ट आहे. अहो पण इच्छा म्हणजे कायदा नव्हे! युरोपियन युनियनच्या करारातल्या आर्टिकल ५० प्रमाणे नोटिशीनंतर दोन वर्षं संपली की सदस्यत्व आपोआप संपतं, कोणी काही करावं लागत नाही, आणि वाढवायचं तर युनियनच्या बाकी सत्तावीसही देशांनी हो म्हणायला हवं, आणि अर्ज तर अजून गेलाही नव्हता.

ते म्हणाले, नाहीच दिली मुदत तरी डिसेंबर २०२० पर्यंत ट्रान्झिशन, म्हणजे जुनेच नियम चालू राहण्याचा काळ, आहेच की. तेव्हा मात्र पोटात गोळाच आला. ते ट्रान्झिशन त्याच ५८५ पानी करारात होतं, जो सभागृहाने जानेवारीत २३० मतांच्या फरकाने आणि मंगळवारी पुन्हा पाडला होता, आणि हे खासदार स्वतः दोन्ही वेळा विरोधात. मग गॅट या जागतिक व्यापार कराराच्या आर्टिकल २४ चा विषय निघाला, दहा वर्षं जकात नाही म्हणे. त्यालासुद्धा समोरच्याची सही लागते, एकट्याने जाहीर करून ते होत नाही.

माणूस वाईट नव्हता, मनापासून बोलत होता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. खुद्द ब्रेक्झिटमंत्री डॉमिनिक राब यांनीही २०१८ च्या नोव्हेंबरात कबूल केलं होतं की डोव्हर ते फ्रान्समधलं कॅले या मार्गावर देश किती अवलंबून आहे हे त्यांच्या पूर्ण लक्षात आलं नव्हतं. वाटाघाटी करणाऱ्यांचीच ही गत, तर रोज पोटासाठी गाडी पाठवणाऱ्याने कोणाकडे बघायचं? न्हावाशेवाचे माझे साहेब नेहमी सांगायचे, मंत्री काय बोलला ते सोड, नोटिफिकेशन निघालंय का ते बघ. तेच मी त्या हॉलमध्ये सांगितलं, आवाज थोडा चढलाच. खासदारांनी मुद्दा लिहून घेतला आणि पुढच्या कार्यक्रमाला गेले.

मीटिंग संपल्यावर त्या क्लायंटना बसवून ईओआरआयचा फॉर्म तिथेच भरून घेतला.

२१ तारखेच्या रात्री ब्रसेल्सने, म्हणजे युरोपियन युनियनने, १२ एप्रिलपर्यंत मुदत दिली, करार पास झाला तर २२ मे. पण ब्रिटिश कायद्यातली तारीख बदलायचं मतदान झालं ते २७ ला, म्हणजे फक्त दोन दिवस राहिले असताना. मधल्या सोमवारी त्या क्लायंटच्या ड्रायव्हरचा फोन आला, शुक्रवारची गाडी भरायची का? मी म्हटलं भरा, नंबर आलाय, कागद तयार करून ठेवलेत.