रेस सोडली तरी न उतरणारं इंजिन

पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये बोटभर लांबीचं एक रबर असतं. आम्ही त्याला मॅनिफोल्डचं रबर म्हणतो. एका बाजूने ते इंजिनाला बोल्टने बसतं, दुसऱ्या बाजूला कार्बोरेटरचं तोंड त्यात दाबून बसवायचं आणि वरून क्लॅम्प आवळायचा. असं एक जुनं रबर गेले काही आठवडे माझ्या टेबलावर पडून आहे. जुनं म्हणजे जेमतेम एका दिवसाच्या चालीचं.

गाडी टू-स्ट्रोक, 300 सीसी, फक्त कच्च्या रस्त्यावर आणि डोंगरात चालवायची. मालकीण आधी फोर-स्ट्रोक चालवायची. ही तिची पहिली टू-स्ट्रोक. खोकं उघडून मला गाडी पूर्ण तयार करून हवी आहे, असं तिने स्वतःहून सांगितलं, याचंच मला फार बरं वाटलं. बहुतेक लोकांना वाटतं की नवी गाडी म्हणजे तयार गाडी. विकणाऱ्याकडे पुढचं चाक आणि हँडल लावलं की गाडी 'सेट' झाली. प्रत्यक्षात मागच्या शॉकची लिंकेज, म्हणजे शॉकला चाकाशी जोडणारे सांधे, उघडून बघा. सुईसारख्या रोलरच्या बेअरिंगला ग्रीसचा नुसता हात फिरवलेला असतो. चिखलातून आणि ओढ्यातून चार वेळा गाडी गेली की तिथे गंज धरायला लागतो. मी नव्या गाडीची लिंकेज, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि हँडलखालची बेअरिंगं उघडून, ग्रीस भरूनच परत बसवतो.

लिंकेज सुटी असतानाच चेनचं काम उरकायचं. मागचं चाक हाताने वर उचलत न्यायचं. मागचा अॅक्सल, स्विंगआर्मचा पिव्हट आणि पुढचं स्प्रॉकेट हे तिन्ही एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणलेली असते. तिथे थोडी ढील ठेवायची, मग गाडी स्टँडवर असताना तीच चेन किती ढिली दिसते ते मोजून लिहून ठेवायचं. पुढे तोच आकडा धरायचा. स्टँडवर टाइट आणि देखणी दिसणारी चेन उडी मारून उतरताना गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर सूड काढते.

सस्पेन्शनवर मात्र माझा अर्धा दिवस गेला आणि त्याचा मला अजूनही अभिमान आहे. मालकिणीचं वजन हेल्मेट-बुटांसकट साठ किलोच्या आसपास. खोक्यातून येणारी स्प्रिंग साधारण 75 ते 85 किलोच्या माणसासाठी असते. मागचं चाक हवेत असताना अॅक्सलपासून मागच्या मडगार्डवरच्या खुणेपर्यंत मोजायचं. मग गाडी नुसती जमिनीवर उभी करून मोजायचं आणि शेवटी माणूस बसवून मोजायचं. गाडी आपल्याच वजनाने 30 ते 40 मिलिमीटर बसायला हवी, चालवणारा बसल्यावर एकूण 100 ते 105. पहिल्यांदा माणसासकट आकडा आला 88. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, कमी करत 103 पर्यंत आणला, तर गाडी एकटीच 52 बसायला लागली. इथे पुष्कळ जण फसतात. रिकामी गाडी जास्त बसते म्हणजे स्प्रिंग मऊ आहे असं त्यांना वाटतं. उलट आहे! स्प्रिंग कडक आहे, म्हणून माणसाचं वजन तिला दाबू शकत नाही, आणि ते भरून काढायला आपण प्रीलोड इतका सोडतो की रिकामी गाडीच खाली जाते. एक पायरी मऊ स्प्रिंग टाकली. एकटी 36, माणसासकट 102. ती गाडीवर बसली, दोन्ही पायांची बोटं जमिनीला टेकली आणि म्हणाली, "दादा, ही माझी गाडी वाटते." त्या क्षणी मला वाटलं, अवघड भाग संपला.

मग कार्बोरेटर. निर्मात्याच्या पुस्तकात उंची आणि तापमानाचा तक्ता असतो. उंचावर हवा विरळ म्हणून जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) लहान, थंडीत हवा दाट म्हणून जेट मोठा. खोक्यातून पायलट जेट, म्हणजे रेस बंद किंवा थोडीच उघडी असतानाचा जेट, आला होता 45चा, तक्ता आमच्या हवेला सांगत होता 42. जेट बदलायला अख्खा कार्बोरेटर काढावा लागत नाही. दोन्हीकडचे क्लॅम्प ढिले करायचे, कार्बोरेटर जागच्या जागी फिरवायचा, खालची वाटी उघडायची, जेट बदलायचा, पुन्हा फिरवून सरळ करायचा. शेकडो वेळा केलेलं काम. पुढे जे झालं ते सगळं या पाच मिनिटांच्या आतबाहेर कुठेतरी आहे.

आणि एक गोष्ट मी केली नव्हती. जेट बदलण्याआधी ते इंजिन मी एकदाही सुरू केलं नव्हतं.

पेट्रोलमध्ये ऑइल 40 ला 1, म्हणजे लिटरला 25 मिलिलिटर. ऑइल जास्त घातलं की मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, होतं, हा गैरसमज मी आजही रोज ऐकतो. जेटमधून जाणारा द्रव तेवढाच, त्यात ऑइल वाढलं म्हणजे पेट्रोल घटलं, म्हणजे मिश्रण लीन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन तीनदा तापवलं आणि तीनदा पूर्ण थंड होऊ दिलं. अॅल्युमिनियमचा पिस्टन भराभर तापून फुगतो, भोवतीच्या सिलिंडरला पाणी थंड ठेवतं. नव्या इंजिनाला थंड असताना पिळलं तर पिस्टन तिथेच पकडतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. ही शिस्त मी पाळली. मग अर्धा तास मीच चालवली, परत येऊन चाकांचे आरे तपासले. रिम लॉकजवळचे (टायरला रिमवर घसरू न देणाऱ्या पकडीजवळचे) दोन ढिले झाले होते, नव्या चाकाचे होतातच.

त्या अर्ध्या तासात मला एक गोष्ट जाणवली होती. रेस सोडल्यावर इंजिन एकदम खाली यायला हवं. हे क्षणभर वरच घुटमळत होतं. मी म्हटलं, पायलट लीन आहे. एअर स्क्रू आत घेतला, म्हणजे हवा कमी केली, बरं वाटलं, गाडी तिच्या हातात दिली.

पहिल्या फेरीनंतर ती म्हणाली, "रेस सोडली तरी गाडी पुढे ओढते. मी घाबरते म्हणून असं वाटतंय का?" मी सांगितलं, "ताई, फोर-स्ट्रोकसारखं इंजिन ब्रेकिंग हिला नसतं. सवय होईल." हे खरंच आहे. खरं असल्यामुळेच ते उत्तर इतकं सहज तोंडात आलं. दुसऱ्या फेरीनंतर तिने तेच सांगितलं, या वेळी नेमक्या शब्दांत: "उतारावर रेस पूर्ण बंद असताना इंजिनाचा आवाज वर चढतो." तेव्हा मी पुन्हा वाटी उघडली आणि 45चा जेट परत टाकला. तरी एअर स्क्रू बंद अवस्थेपासून जेमतेम अर्धा आटा बाहेर असतानाच इंजिन नीट चालत होतं. साधारण दीड आटा हवा. एकाच्या आत मागायला लागलं तर पायलट लहान आहे, असा आमचा ठोकताळा. तक्ता म्हणत होता 42, आणि इंजिनाला 45 देऊनही पुरत नव्हतं. मी इंजिनाचं ऐकलं. तिचं ऐकायला हवं होतं.

तिसऱ्या फेरीत लांब उतारावर पिस्टन पकडला. मागचं चाक घासत गेलं, तिने तत्क्षणी क्लच दाबला म्हणून ती पडली नाही. नवख्या माणसाचा हात त्या क्षणी ब्रेककडे जातो. तिचा क्लचकडे गेला. मी धावत खाली पोचलो तेव्हा ती गाडी धरून उभी होती, आणि तिचा पहिला प्रश्न होता, "माझं काही चुकलं का?"

बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगतो. लोक टू-स्ट्रोकला साधं इंजिन म्हणतात. सुटे भाग कमी आहेत, पण साधं नाही. एमझेड या पूर्व जर्मन मोटरसायकल कंपनीच्या 125 सीसी रेसिंग इंजिनातून तिथले इंजिनिअर वॉल्टर काडेन यांनी 1961 साली 25 अश्वशक्ती काढली, ती बंदिस्त हवेच्या आणि दाबाच्या लहरींच्या नेमक्या हिशोबावर. या इंजिनात क्रँककेस हाच पंप असतो. पिस्टन वर जातो तेव्हा हवा-पेट्रोल-ऑइलचं मिश्रण एकाच दिशेने उघडणाऱ्या रीड व्हॉल्व्हमधून क्रँककेसमध्ये ओढलं जातं, खाली येतो तेव्हा तेच वर ढकललं जातं. कार्बोरेटरनंतर कुठेही केसाएवढी फट असेल तर तिथून नुसती हवा आत जाते, बिनपेट्रोलची आणि बिनऑइलची. रेस पूर्ण उघडी असताना एवढ्याशा हवेने फार बिघडत नाही. पण उतारावर रेस बंद असते, इंजिन जोरात फिरत असतं, पेट्रोलबरोबर येणारं ऑइल मुळातच थेंबभर असतं. तेव्हा ती फट जीव घेते. एरवीसुद्धा लांब उतारावर मधून मधून क्लच दाबून रेस द्यावी, इंजिनाला ऑइल मिळतं. हेही मी तिला सकाळी सांगितलं नव्हतं.

गाडी आणल्यावर सायलेन्सरचा पाइप काढून एक्झॉस्ट पोर्टमधून आत टॉर्च मारला. पिस्टनच्या त्या बाजूवर उभे ओरखडे. मग दाबाची चाचणी केली: एक्झॉस्ट बंद, मॅनिफोल्डच्या रबरात बूच, आणि आत 6 पीएसआय हवा. सहा मिनिटं काटा हलला नाही. क्रँकची सीलं चांगली, गॅस्केटं चांगली. मी अर्धा तास त्या काट्याकडे बघत बसलो. मग लक्षात आलं की मी बूच लावलं होतं ती जागाच कार्बोरेटरची आहे. कार्बोरेटर आणि रबर यांच्यातली फट या चाचणीत दिसणारच नाही.

रबर काढून उजेडात धरलं. आतल्या ओठाला एका बाजूने चुणी पडली होती, आणि त्या चुणीपासून आत इंजिनाकडे ऑइलच्या थरावर बारीक धुळीची तपकिरी रेघ गेली होती. एअर फिल्टर स्वच्छ, कार्बोरेटरचं नळकांडं स्वच्छ. धूळ फक्त तिथून पुढे.

सिलिंडर वाचला. निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा शाबूत होता, त्यावर पिस्टनचं अॅल्युमिनियम चिकटलं होतं. कापसाच्या बोळ्याने सौम्य अॅसिड लावत ते विरघळवलं, मुलामा कुठे उडालेला नाही ना ते नखाने चाचपत. नवा पिस्टन, रिंगा, पिनच्या नव्या क्लिपा, आणि नवं रबर. 42चा जेट टाकला, एअर स्क्रू दीड आट्यावर बसला. रेस सोडली की इंजिन पाटी टाकल्यासारखं खाली आलं. पिस्टनचा आणि कामाचा खर्च मी तिला लावला नाही. तिने विचारलं, "गाडी तशीच आली होती की...?" मी म्हटलं, माहीत नाही.

तेच उत्तर आजही आहे. कार्बोरेटरच्या अंगावरची गाठ रबराच्या खाचेत बसायला हवी. उघडलं तेव्हा ती काडीएवढी बाजूला होती. पहिल्या वेळी क्लॅम्प आवळल्याचं माझ्या हाताला आठवतं, खाच बघितल्याचं डोळ्यांना आठवत नाही. पण चुणी खोल आहे. एका दिवसात नव्या रबराला इतकी खोल चुणी पडते का? गाडी खोक्यात महिनोनमहिने तशीच आवळलेली असेल तर पडेल. तापलेल्या इंजिनाजवळ एका दुपारीही पडू शकेल. पहिल्यांदा जेट बदलण्याआधी दोन मिनिटं इंजिन सुरू करून रेस सोडून बघितली असती तर आज कळलं असतं. माझ्या हाताखालचा पोरगा म्हणतो, फॅक्टरीतूनच आलं असणार. तो माझी बाजू घेतो आणि मला ते आवडत नाही.

मागच्या आठवड्यात ती पहिल्या सर्व्हिसला आली. गिअर ऑइल बदललं, आरे पाहिले, प्लग काढला. पोर्सेलिन बदामी, म्हणजे मिश्रण ठीक. ती त्याच उतारावर चार वेळा जाऊन आली होती. ती गेल्यावर मी रबर उचललं आणि चुणीवर अंगठा दाबून धरला. सोडला. चुणी अजून उघडलेली नाही.