वासोट्याच्या वाटेवर ‘एकात तीन’ पायताण

सज्जनगडावर पायताणं काढायच्या जागी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या पायाकडे बोट केलं. “हे काय, अर्धंच काढलं होय?”

त्यांचं बरोबर होतं. बाहेरचा साचा मी काढून ठेवला होता, पण आतला मोजा पायातच होता. मोजा म्हणावा तर त्याला खाली पातळ रबराचा तळ, बूट म्हणावा तर हातात धरल्यावर मोज्यासारखा लोंबणारा. मी गुपचूप तोही काढला. बायको इतकी हसली की समर्थांच्या समाधीपुढेही तिचं हसू आवरेना.

हे पायताण मी वासोटा किल्ल्याच्या बेतासाठीच मागवलं होतं. साडेचार हजार रुपये मोजले. जाड तळाचा, पुढून बोटं झाकणारा आणि मागून उघडा असा एक साचा. त्यात मऊ मोजा घालून दोन्ही बाजूंच्या आकड्यांत अडकवला की झाला बूट. मोजा काढून मागं नायलॉनचा पट्टा लावला की सँडल. पट्टाही काढला की स्लिपर. खोक्यावर चित्रं फार सुरेख होती. आम्ही सांगलीहून चौघं निघालो: मी, बायको, मेहुणा आणि त्याची कॉलेजात जाणारी मुलगी. चौघांच्या पायांत चार तऱ्हा होत्या, त्यामुळे तुलना आपोआपच झाली.

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. सांगली ते साताऱ्यात आत्याचं घर, तीन तासांच्या आत पोचलो. दुपारी सज्जनगड आणि तिथून पुढे ठोसेघर. दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत. सज्जनगडाला स्लिपर हेच उत्तम रूप. गाडी वरपर्यंत जाते, पुढे पायऱ्या, वर गेलं की काढायचं, खाली आलं की घालायचं. नाड्या सोडत बसावं लागत नाही. ठोसेघरला धबधबा बांधलेल्या सज्ज्यातून बघायचा असतो, तिथे कोणतंही पायताण चालेल. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या बघायला मात्र आम्ही गवतात उतरलो आणि पहिली खोड कळली. नोव्हेंबरात गवत वाळतं, कुसळं सुटतात. माझ्या सँडलचा वरचा पट्टा वेल्क्रोचा. दहा मिनिटांत त्यात इतकी कुसळं भरली की तो चिकटेना. गंमत अशी की वेल्क्रो सुचलं तेच मुळी कुसळांवरून. जॉर्ज दे मेस्त्राल नावाचा स्विस इंजिनिअर १९४१ साली शिकारीहून परतला, तेव्हा कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली बोंडं त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. चाळकेवाडीला कुसळांनी आपला हक्क परत मागून घेतला म्हणायचा. जुना टूथब्रश सोबत ठेवा, त्यानं निघतात. आमच्याजवळ नव्हता. आत्याकडे रात्री मी सेफ्टी पिन घेऊन बसलो.

“मामा, माझ्या क्रॉक्सला असलं काय लागत नाही,” भाची म्हणाली. तिचं म्हणणं असं की एकात दोन तिच्याकडे आधीपासूनच आहे: मागचा पट्टा पुढे टाकला की घरात घालायची चप्पल, टाचेवर ओढला की पळायला मोकळी. खरंय ते. क्रॉक्स २००२ साली आले ते होडीवर घालायचं पायताण म्हणूनच. आणि इथेच मला या सगळ्या प्रकाराचं मूळ ध्यानात आलं. पट्ट्यांची टेवा सँडल १९८४ साली ग्रँड कॅन्यनमधल्या एका नदीवाटाड्यानं केली, कारण साध्या चपला प्रवाहात वाहून जायच्या. पुढून बोटं झाकलेली कीनची सँडल २००३ ची, तीही शिडाच्या होडीवर ठेचा लागू नयेत म्हणून सुचलेली. म्हणजे ही सगळी मंडळी पाण्यावरची. डोंगरावर त्यांना आपण नेलं, खरं म्हणजे जाहिरातींनी नेलं. वासोट्याची सहल निम्मी पाण्यातून आणि निम्मी डोंगरातून. म्हणून पुढचं सगळं त्या हिशेबानं वाचा.

रविवारी पहाटे सहाला साताऱ्यातून निघालो. यवतेश्वरचा घाट, कास, मग बामणोली. कासला फुलांचा हंगाम संपलेला होता, त्यामुळे रस्ता मोकळा. साताऱ्यापासून बामणोली पस्तीस-चाळीस किलोमीटर, पण वळणांमुळे सव्वा तास धरा. बामणोलीत आधी वनखात्याची परवानगी घ्यायची. प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका, झेरॉक्स काढून न्या. मग होडी. होडीचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या होडीचं असतं. आम्ही चौघंच होतो म्हणून पुण्याच्या सहाजणांच्या गटाला विचारलं, ते आनंदानं तयार झाले. सुट्टीच्या दिवशी सकाळी धक्क्यावर असे अर्धवट गट बरेच असतात, लाजू नका, विचारा. परतीची वेळ नावाड्याशी आधीच ठरवून घ्या. जेवणाचं मात्र सोबतच न्या, वर काही मिळत नाही. आत्यानं दशम्या आणि लसणाची चटणी दिली होती.

शिवसागर जलाशयातून मेट इंदवलीच्या काठापर्यंत दीड तास लागला. कोयनेचं पाणी, दोन्हीकडे जंगल, गार वारा. या दीड तासाबद्दल मी जास्त लिहीत नाही, तो ज्याचा त्यानं अनुभवावा. स्वेटर मात्र न्या.

उतरताना काठाला घोट्याइतकं पाणी आणि खाली गाळ. इथे माझ्या सँडलनं पैसे वसूल केले. मेहुण्यानं आपले भारी ट्रेकिंगचे बूट काढले, गळ्यात अडकवले आणि अनवाणी उतरला. मी सरळ उडी मारली. भाचीही. मात्र तळाला पाणी जायला ठेवलेल्या भोकांतून बारीक खडेही आत येतात, आणि पुढून बंद असल्यामुळे ते बाहेर पडत नाहीत. उघड्या सँडलमधला खडा पाय झटकला की जातो, यातला खडा अंगठ्याखाली जाऊन बसतो. काठावर बसून पाय धुवायचे, साचा खंगाळायचा, पाय पुसायचे आणि मग मोजा अडकवायचा. मला सात-आठ मिनिटं लागली. मेहुणा तोवर बूट घालून तयार. “दाजी, झालं का तुमचं रूपांतर?” दिवसभर त्यानं हा शब्द सोडला नाही.

एक महत्त्वाचं. पाय ओला असताना मोजा घालू नका. तो वाळत नाही. माझा उजवा अर्धवट ओला राहिला आणि वर पोचेपर्यंत करंगळीजवळ फोड आला. कोरडा टॉवेल, निदान पंचा, हाताशी ठेवा.

काठाजवळ वनखात्याची माणसं पिशव्या तपासतात. प्लॅस्टिकच्या बाटल्या, पुड्या मोजून घेतात, परतताना तेवढ्या दाखवाव्या लागतात. हे चांगलंच आहे. इथे आता वस्ती नाही. हे कोयना अभयारण्य, म्हणजे आजच्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. पुढे ओढा आणि मारुती-गणपतीचं पडकं देऊळ. ओढ्यात दगडावरून दगडावर जाण्याइतकंच पाणी होतं.

मग चढ. पहिला तासभर गर्द झाडी, पालापाचोळा, मुळं. शेवटचा टप्पा खडा. चढताना माझ्या बुटाबद्दल तक्रार नाही. तळाच्या खाचा खोल आहेत आणि रबर मऊ आहे, दगड चांगला धरतं. क्रॉक्सचं तसं नाही. त्याचा हलका फेसाळ तळ कोरड्या वाटेवर ठीक, पण शेवाळलेल्या दगडावर भाची दोनदा बसली. तिसऱ्यांदा बसल्यावर तिनं आपल्या आत्याशी, म्हणजे माझ्या बायकोशी, पायताणाची अदलाबदल होईल का विचारलं. नाही म्हणाली. बायकोच्या पायांत अॅक्शन ट्रेकिंग, सह्याद्रीत भटकणाऱ्या अर्ध्या महाराष्ट्राच्या पायांत असतात तेच. दिसायला काही नाही, ओल्या कातळावर पकड मात्र पक्की. ती सगळ्यांच्या पुढे होती आणि पायताणांच्या चर्चेत तिनं एकदाच भाग घेतला: “मी किल्ला बघायला आलेय.”

किल्ला बघावा असाच आहे. बिनछपराचा मारुती, महादेवाचं मंदिर, वाड्याचे अवशेष, चुन्याचा घाणा. १६६१ मध्ये राजापूरच्या वखारीतले काही इंग्रज इथे कैदेत होते. पुढे ताई तेलिणीनं याच किल्ल्यावरून पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांना झुंजवलं. बाबूकड्यावर उभं राहिलं की समोर जुना वासोटा आणि मधली दरी. कड्याच्या अगदी टोकाला कुणीही जाऊ नये, स्लिपर घालून तर मुळीच नाही. मी फोडाला हवा लागावी म्हणून वर स्लिपर केली होती, आणि तिथे टाच घसरल्यावर छातीत धस्स झालं. लगेच बसून मोजा चढवला.

वासोट्याची खरी परीक्षा उतरताना होते. या बुटाची टाच म्हणजे नुसतं मऊ कापड. नेहमीच्या बुटात टाचेमागं जो कडक वाटीसारखा भाग असतो तो यात नाही, असूच शकत नाही, कारण मग स्लिपर कशी होणार? परिणाम असा की उतारावर पाय पुढे सरकतो आणि प्रत्येक पावलाला अंगठा पुढच्या भिंतीवर आपटतो. माझं डावं नख काळं पडलं, ते अजून तसंच आहे. दुकानात असं पायताण हातात घेतलंत तर रंग, पट्टे, आकडे नंतर बघा. आधी घालून एखाद्या उतरत्या फळीवर, जिन्यावर पाय खाली करून उभे राहा. अंगठा पुढे टेकला तर नको. आणि मोजा आत घालूनच माप घ्या, तेही संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना. मी मोज्याशिवाय घेतलं. त्यामुळे सँडल म्हणून नीट बसतं, बूट म्हणून आवळतं.

मी हे सगळं मनात जुळवत उतरत होतो तेवढ्यात मागून मेहुण्याचा आवाज आला. त्याच्या उजव्या बुटाचा तळ पुढून उघडला होता, मगरीच्या तोंडासारखा. पाच मिनिटांत डाव्याचाही. नावाजलेल्या कंपनीचे, महागडे, तीनदाच वापरलेले बूट. सहा वर्षं माळ्यावर खोक्यात. तो कंपनीला शिव्या देत होता, पण दोष निम्मा माळ्याचा आहे. वरच्या बुटाच्या आणि खालच्या रबराच्या मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्यानं तो आतल्या आत कुजतो. जलविघटन म्हणतात त्याला. न वापरता ठेवलेला बूट दिसतो नवा आणि पहिल्याच मोठ्या चालीत खडूसारखा चुरा होतो. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर लवकरच. जुने बूट बाहेर काढलेत तर निघायच्या आठवडाभर आधी घालून रोज तासभर चाला. फुटायचे असतील तर घराजवळ फुटतील.

आता करायचं काय? दोरी नव्हती. नाड्या काढल्या तर बूटच सुटणार. मग आठवलं, मी बुटाच्या रूपात असल्यामुळे सँडलचे दोन पट्टे पिशवीत पडून आहेत. नायलॉनचे, आवळायच्या बकलासकट. दोन्ही त्याच्या बुटांच्या पुढच्या बाजूला गुंडाळून करकचून आवळले. तळ बसला. तो काठापर्यंत नीट उतरला आणि ‘रूपांतर’ हा शब्द त्यानंतर निघाला नाही.

काठावर मात्र मला सँडल करता येईना, कारण पट्टे त्याच्या पायात. स्लिपर करून गाळात पाय घातला तर स्लिपर गाळात राहिली. ती नावाडीकाकांनी काढून दिली. काका स्वतः साध्या रबरी चपलांवर होते. ते बघून कुणी रबरी चपलांवर वासोटा चढायला निघू नये. काका दिवसभर होडीत झोपले होते.

जळवांबद्दल बरेचजण विचारतात. पावसाळ्यात हा किल्ला बंदच असतो, आणि नोव्हेंबरअखेर आम्हाला एकही लागली नाही. तरी उघड्या सँडलवर या जंगलात शिरू नका. गोचिडी असतात, पूर्ण पँट आणि लांब मोजे घाला. अंधाराच्या आत काठावर परतायचं असतं, वर मुक्काम करता येत नाही. आम्ही दोनला उतरायला लागलो, तो शेवटचा मुहूर्त समजा.

मग घ्यावं का हे पायताण? भाचीला सांगितलं, घेऊ नको. मी विकणारही नाही. गाडीतला प्रवास, देवळं, होडी, ओढा, मुक्कामाचं घर, एवढ्यासाठी याच्याइतकं सोयीचं माझ्याकडे दुसरं काही नाही. पण चढायला पुढच्या वेळी पायात अॅक्शन आणि पिशवीत हे. म्हणजे एकात तीन घेऊन शेवटी जोड दोनच झाले, आणि ओझं तेवढंच.

सोमवारी सकाळी साताऱ्याच्या स्टँडजवळ चप्पल दुरुस्तीवाल्या मामांकडे गेलो. मेहुण्याचे बूट त्यांनी नुसते दाबून बघितले आणि बाजूला सारले. माझ्याही डाव्या बाजूचा प्लॅस्टिकचा आकडा तुटला होता. त्यांनी पायताण उलटंसुलटं करून बघितलं. “साहेब, हे सगळं एकसाची ओतलंय, ह्याला टाका घालू कुठं?” मग आरीनं कडेला दोन भोकं पाडून चामड्याचा एक फासा शिवून दिला. तीस रुपये. मोजा त्यात अडकवायला वेळ लागतो, पण तो हलत नाही, टाचही आता त्या बाजूनं घट्ट राहते. उजवा आकडा तुटायची मी वाट बघतोय.