पंपिंग कमी झालेलं हृदय आणि कोकणातलं रोजचं जगणं

पस्तिशीत अटॅक आला, स्टेंट बसला, काही दिवसांत माणूस घरी आला. दिसायला धडधाकट, म्हणून वाडीत सगळे म्हणतात, बरा झाला. पण स्टेंट रक्तवाहिनी उघडतो. तोवर रक्तावाचून मेलेला स्नायू परत येत नाही, तिथे व्रण राहतो. उरलेल्या स्नायूवर भार पडतो आणि डावा कप्पा हळूहळू ताणत मोठा होत जातो. पुढच्या बऱ्याचशा गोळ्या हे ताणणं रोखण्यासाठी असतात. काहीच त्रास होत नाही म्हणून त्या सोडणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, आणि तरुण वयात तो मोह जास्त होतो.

टुडी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, कागदावरचा ईएफ, ज्याला आपण पंपिंग म्हणतो, म्हणजे डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं तो आकडा. निरोगी माणसात तो साधारण ५५ ते ७० असतो. ३५ आला म्हणजे हृदय ३५ टक्केच उरलं असं नाही; निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्यात सगळं रक्त बाहेर टाकत नाही. शिवाय अटॅकनंतर लगेच आलेला आकडा शेवटचा नसतो. काही स्नायू नुसता बधिर झालेला असतो, तो काही आठवड्यांत पुन्हा कामाला लागतो. म्हणून सहा आठवडे ते तीन महिन्यांनी इको पुन्हा करायचा. औषधं नीट चालू असूनही आकडा ३५ किंवा त्याखालीच राहिला, तर आयसीडी बसवण्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. हे शरीरात बसवलेलं यंत्र हृदयाची जीवघेणी लय पकडून विजेचा झटका देतं.

पंपिंग कमी असेल तर बहुतेकांना चार प्रकारच्या गोळ्या मिळतात: मेटोप्रोलॉलसारखा बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद ठेवणारी गोळी), रामिप्रिल किंवा सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. शेवटची मधुमेहाची म्हणून ओळखली जाते. मधुमेह नसला तरी ती हृदयासाठी देतात. वरचं बीपी १०० च्या आसपास राहिलं आणि चक्कर येत नसेल, तर घाबरून डोस कमी करू नका. ॲस्पिरिनसोबतची रक्त पातळ करणारी दुसरी गोळी साधारण वर्षभर असते. दात काढायचाय म्हणून ती परस्पर बंद केली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

घरात वजनकाटा हवाच. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तशाच हलक्या कपड्यांत वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. काटा लादीवर ठेवा. सारवलेल्या जमिनीवर आकडा हलतो. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, अंगात साठलेलं पाणी आहे. पायावरची सूज आणि रात्री आडवं पडल्यावरची धाप बऱ्याचदा त्यानंतर येते. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, म्हणजे लघवीच्या गोळीचा डोस बदलून बहुतेकदा भागतं.

पाणी साठवतं ते मीठ. दिवसभराचं सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. आपल्याकडे ते भाजीतून कमी आणि बाकीच्या वाटांनी जास्त जातं: सुकट, सुके बांगडे, सांडगी मिरची, खारातली कैरी, पापड. आगळ, म्हणजे कोकमाचा रस, तर मीठ घालूनच टिकवतात, म्हणून सोलकढी आगळाची न करता आमसुलं भिजवून करा. सुकी मासळी धुतली तरी मीठ पूर्ण निघत नाही. ताजा बांगडा, तारली खुशाल खा, कालवणात मीठ बेताचं ठेवून. सैंधवही मीठच, त्याने काही वाचत नाही.

'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन आणि रामिप्रिल दोन्ही शरीरातलं पोटॅशियम वाढवतात; त्यात हे मीठ किंवा रोजची दोन-तीन शहाळी आली, तर पोटॅशियम इतकं चढू शकतं की हृदयाची लय बिघडते. घरचे माड असले की शहाळं औषधासारखं पाजलं जातं, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची (किडनीचं काम दाखवणारी) तपासणी गोळी सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत, मग सांगतील तशी.

जुलाब-उलट्या झाल्या, किंवा हरतालिकेचा निर्जळी उपास धरायचा असेल, तर कोणत्या गोळ्या थांबवायच्या हे आधी विचारा. अंगात पाणी कमी असताना त्याच गोळ्या किडनीला जड जातात. भातलावणीनंतर अंग दुखलं तर पॅरासिटामॉल. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन नको; त्यांनी पाणी साठतं.

चालायचंच आहे. बीटा ब्लॉकरमुळे नाडी फारशी वाढत नाही, तेव्हा नाडी मोजण्यापेक्षा बोलून बघा: पाखाडी (पायऱ्यांची वाट) चढताना पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर. श्वास रोखून जोर लावायची कामं, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणं, हापूसच्या भरलेल्या पेट्या उचलणं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. माडावर चढणं आणि विहिरीत एकट्याने पोहणं माझ्या मते सोडूनच द्यावं; भोवळ आली तर तिथे सावरायला कोणी नसतं. तंबाखू आणि मशेरी दोन्ही बंद.

छातीत दुखलं तर आधी खाली बसा, मग सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, जिभेखाली; उभ्याने घेतली तर बीपी पडून माणूस कोसळू शकतो. लैंगिक ताकदीची सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट अजिबात नको. पाच मिनिटांत उतार नाही तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. अँजिओप्लास्टी, म्हणजे बंद रक्तवाहिनी उघडून स्टेंट बसवणं, चोवीस तास कुठे होते आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे आधीच शोधून ठेवा. पावसात घाट बंद पडतो, म्हणून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळ कुठे मिळतं तेही. डिस्चार्ज कार्ड आणि शेवटच्या ईसीजीचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या, आणि जूनच्या आधी महिनाभराच्या गोळ्या आणून ठेवा.