परभणी ते लायगो : माझा पीएच.डी.चा अनुभव

११ फेब्रुवारी २०१६ ला गुरुत्वीय लहरी (अवकाश-काळात उठणारे तरंग) सापडल्याची घोषणा झाली तेव्हा मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आठवडाभरात लायगो-इंडियाला (या लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांच्या भारतातल्या जोडीदाराला) केंद्राची तत्त्वतः मंजुरी मिळाली, आणि पुढे वेधशाळेची जागा ठरली ती आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. या क्षेत्रात शिरायचं कसं, असं मराठवाड्यातली मुलं मला आता सारखं विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात जेस्ट (भौतिकशास्त्रातल्या पीएच.डी.साठीची प्रवेशपरीक्षा) दिली. मेकॅनिक्स, क्वांटम, ई.एम. (विद्युतचुंबकत्व) आणि स्टॅट मेक (सांख्यिकीय यामिकी) पक्कं असेल तर पेपर निघतो. खरा कस लागतो मुलाखतीत. पुण्यात आयुकात (खगोलशास्त्राच्या आंतरविद्यापीठीय केंद्रात) मला फळ्यापाशी उभं केलं आणि विचारलं, "विद्युतप्रभार हलला की द्विध्रुवी प्रारण निघतं, मग वस्तुमानाचं तसं का होत नाही?" मी वस्तुमानाचा द्विध्रुव (प्रत्येक वस्तुमान गुणिले त्याचं स्थान, यांची बेरीज) लिहिला. त्याचं एकदा काळानुसार अवकलन केलं (म्हणजे बदलाचा दर काढला) की एकूण संवेग (वस्तुमान गुणिले वेग) येतो, आणि संवेग तर बदलत नाही, म्हणजे पुढचं अवकलन शून्य. द्विध्रुव तिथेच बाद होतो आणि गुरुत्वीय लहरी चतुर्ध्रुवापासून (त्यापुढच्या, वस्तुमानाच्या मांडणीचा आकार सांगणाऱ्या पदापासून) सुरू होतात. मुलाखत घेणाऱ्यांनी घाई केली नाही, अडले तिथे धागा दिला. पाठांतर करून जाणाऱ्यांचा तिथे निभाव लागत नाही, आणि ते योग्यच आहे.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये रुजू झाले. पहिलं वर्ष एनसीआरएसोबतच्या (पुण्यातल्याच रेडिओ खगोलशास्त्र केंद्रासोबतच्या) कोर्सवर्कमध्ये गेलं. अभ्यास भरपूर, झोप कमी, बाकी सांगण्यासारखं काही नाही.

खरं शिक्षण सुरू झालं ते डेटा हातात आल्यावर. लायगोचा प्रत्येक बाहू (लेझर ज्यातून ये-जा करतो ती नळी) ४ किलोमीटर लांब. लहर गेली की त्याची लांबी प्रोटॉनच्या आकाराच्याही शेकडो पटींनी कमी अंतराने बदलते. एवढं मोजायचं म्हटल्यावर समुद्राच्या लाटा, जाणारे ट्रक, आरशांतली उष्णता, लेझरचे फोटॉन, सगळं डेटात उतरतं. गाईडनी पहिलंच काम दिलं ते १७ ऑगस्ट २०१७ च्या घटनेचं, दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचं. लिव्हिंग्स्टनचा (अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांपैकी एक; दुसरी हॅनफर्डला) स्पेक्ट्रोग्राम उघडला. वेळ आडवी, वारंवारता उभी, आणि खालून वर चढत जाणारी बारीक पिवळी रेघ. तारे एकमेकांवर आदळण्याच्या जेमतेम एक सेकंद आधी तिच्यावरच एक ग्लिच (यंत्रातला क्षणिक बिघाड) बसलेला होता, वरपासून खालपर्यंत झळाळणारा उभा पट्टा. हॅनफर्डला त्याच वेळी रेघ स्वच्छ होती. ग्लिचचं मॉडेल करून तो डेटातून वजा करायचा आणि खालचा सिग्नल दुखवायचा नाही, हे मी कितीतरी दिवस करत बसले. शेवटी पट्टा गेला आणि रेघ अखंड दिसली, तेव्हा मला थिसिसचा विषय मिळाला होता. मला नॉइजवरच, म्हणजे डेटातल्या अशा नको असलेल्या गोंगाटावरच, काम करायचं होतं.

आयुकात या कामाला जुनी परंपरा आहे. संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी लायगो उभं राहण्याच्या कितीतरी आधी मॅच्ड फिल्टरिंगचं गणित बसवलं: अपेक्षित सिग्नलचे टेम्प्लेट तयार करायचे आणि प्रत्येक टेम्प्लेट डेटाशी ताडून पाहायचा. पण जुळणी योगायोगाने झाली नाही कशावरून? त्यासाठी एका वेधशाळेचा डेटा दुसरीच्या तुलनेत मुद्दाम सरकवतात. लहरीला दोन्ही ठिकाणांमधलं अंतर कापायला जास्तीत जास्त १० मिलिसेकंद लागतात. त्याहून जास्त सरकवल्यावर जे जुळेल, तो निव्वळ योगायोग. हे पुन्हा पुन्हा करून पहिल्या शोधाबद्दल सांगता आलं की असा योगायोग २ लाख ३ हजार वर्षांत एकदाही अपेक्षित नाही. शास्त्र कसं चालतं याचं इतकं सुंदर उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

करिअरच्या दृष्टीने एक गोष्ट आधीच कळायला हवी. कोलॅबोरेशनच्या (लायगोवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या मोठ्या गटाच्या) मुख्य पेपरवर हजारभर नावं असतात, तीही आडनावांच्या क्रमाने. पोस्टडॉकसाठी (पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदासाठी) अर्ज करताना "यात तुम्ही काय केलं?" हा प्रश्न हमखास येतो. म्हणून दोन-चार लेखकांचे स्वतंत्र पेपर, लोक वापरतात असा कोड, आणि तुमचं काम जवळून पाहिलेल्या माणसाचं पत्र, या तिन्हींची तजवीज दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासूनच करा. नकार खूप येतात. बऱ्याच ठिकाणांहून तर उत्तरच येत नाही, आणि तो काळ जड जातो. मला जर्मनीत जागा मिळाली ती ग्लिचवरच्या कोडमुळेच. २४ मे २०२३ ला लायगोची चौथी निरीक्षणफेरी सुरू झाल्यावर मी अलर्टच्या (नवा सिग्नल दिसल्याच्या सूचनांच्या) शिफ्टही केल्या. सूचना आली की काही मिनिटांत डेटा पाहून ती ठेवायची की मागे घ्यायची, हे ठरवावं लागतं.

एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने लायगो-इंडियासाठी २,६०० कोटी मंजूर केले. औंढ्याची वेधशाळा सुरू झाली की आकाशात स्रोत नेमका कुठे आहे हे कितीतरी नेमकेपणाने सांगता येईल, आणि तिथे निर्वात यंत्रणा, लेझर, भूकंपमापन, संगणन अशी सगळ्या प्रकारची माणसं लागतील. इंजिनिअरिंगच्या मुलांनीही हे मनावर घ्यावं. लायगोचा डेटा सर्वांसाठी खुला आहे. पायथॉन येत असेल तर पहिल्या शोधाची ३२ सेकंदांची फाईल उतरवून घ्या आणि स्पेक्ट्रोग्राम स्वतः काढून बघा.